डोक्याची जखम भरली, मनाची कोण भरणार?



आज आम्ही जे लिहिणार आहोत ते आमच्या घरातले आहे. घरातले घरात ठेवावे, असे आमच्या आईचे म्हणणे. पण वस्तीतली भांडणे सोडविण्यासाठी आम्ही वीस वर्षे दुसऱ्यांच्या घरात शिरून शहाणपण सांगत आलो. तेच शहाणपण आमच्या स्वतःच्या घरात कसे तोंडघशी पडले, हेही मग सांगितले पाहिजे. धाकट्याला विचारूनच लिहीत आहोत. तो म्हणाला, "लिही दादा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पण माझं नाव नको." म्हणून नाव लिहीत नाही.

आमचा धाकटा भाऊ गोदामातल्या हमालांच्या टोळीचा मुकादम होता. हसरा माणूस. जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम त्याच्याशिवाय सुरू होत नसे. 2021 च्या पावसाळ्यात ट्रकच्या फाळक्यावरून पाय घसरला आणि तो डोक्यावर आपटला. कानातून रक्त आले, शुद्ध हरपली. रुग्णालयात सी.टी. स्कॅन काढला तेव्हा कपाळामागच्या भागात मेंदूला मार लागून रक्त साकळल्याचे दिसले. ऑपरेशन करावे लागले नाही. अकरा दिवस अतिदक्षता विभागात आणि पुढे तीन आठवडे वॉर्डात काढून तो स्वतःच्या पायाने जिना चढून घरी आला. आईने चाळभर पेढे वाटले. संकट टळले, असे आम्ही समजलो.

टळले नव्हते. ते घरात येऊन बसले होते.

महिन्या-दीड महिन्यात भावजय आमच्या सौ.कडे येऊन रडू लागली. "वहिनी, हे ते नाहीत. माणूस बदलून पाठवलाय दवाखान्यानं." कुकरची शिट्टी झाली तरी तो ताट भिरकावी. आठ वर्षांचा पोरगा बापाची चाहूल लागली की पलंगाखाली जाऊन बसे. कधी दूरदर्शनसमोर बसल्या बसल्या डोळ्यांतून पाणी गळे. का रडतोस विचारले तर म्हणे, माहीत नाही. रात्ररात्र जागा, दिवसा भिंतीकडे तोंड करून पडलेला. मालकाने थोडे पैसे हातावर ठेवले होते आणि नवा मुकादमही नेमला होता.

वस्तीत ज्याला जे सुचले ते तो बोलला. कोणी म्हणाले दारूला लागला, कोणी म्हणाले बसून खायची सवय लागली. त्याच्या सासूबाईंनी गावाकडच्या एका भगताचे नाव काढले, बाहेरचे काही असेल म्हणाल्या. त्यावर मात्र आम्ही ठणकावून सांगितले की, या घरातला माणूस अंगारा-धुपाऱ्याकडे जाणार नाही. ते बरोबरच होते. पण भगताच्या जागी आम्ही त्याला दिले काय? भाषण! संकटात खचायचे नसते, बापाने गिरणी बंद पडल्यावर कसे दिवस काढले ते आठव, मनावर ताबा ठेव. रोज संध्याकाळी कार्यालयातून आल्यावर चहाबरोबर आमचा हा उपदेश ठरलेला. तो खाली मान घालून ऐके आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच वागे. भगत निदान वर्षातून दोनदा भेटला असता. आम्ही रोज भेटत होतो.

2022 च्या एप्रिलमधली गोष्ट. जयंतीच्या तयारीची सभा होती. वर्गणीवरून आवाज चढले, माईक कर्कश वाजला आणि धाकट्याने खुर्ची उचलून फेकली. एका वडीलधाऱ्या माणसाच्या पायाला लागली. आम्ही व्यासपीठावर होतो. आम्ही माईकवरून, सगळ्यांदेखत त्याला म्हणालो, "चालता हो इथून. खानदानाची मान खाली घातलीस." तो निमूट गेला.

रात्री तो जिन्याच्या पायरीवर अंधारात बसला होता. म्हणाला, "दादा, मी ओरडतोय ते मला कळतं रे. पण थांबवता येत नाही. त्या दिवशी ट्रकवरून पडलो तेव्हाच गेलो असतो तर सगळे सुटले असते."

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. सकाळी रजेचा अर्ज टाकला आणि त्याला घेऊन पुन्हा सरकारी रुग्णालयात गेलो. या खेपेस मेंदूच्या विभागातून आम्हांला मानसोपचार विभागात पाठविले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हांला अर्धा तास समजावून सांगितले. गाडीचे इंजिन शाबूत आहे, चाके शाबूत आहेत, पण ब्रेक ढिला झाला आहे, असे समजा. कपाळामागचा मेंदूचा भाग राग, दुःख, घाई यांना आवर घालतो. तिथेच मार लागला आहे. शिवाय डोके जोरात हादरले की मेंदूतले बारीक बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. साध्या स्कॅनमध्ये ते दिसतीलच असे नाही. म्हणून फोटो स्वच्छ आणि माणूस अस्वस्थ, असे होऊ शकते. "त्याला रोज मनावर ताबा ठेव म्हणून सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळ म्हणण्यासारखं आहे," बाई म्हणाल्या. त्यांना आमची संध्याकाळची भाषणे ठाऊक नव्हती. पण आमची मान खाली गेली.

पुढे आम्ही या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. डॉक्टरांच्या पुस्तकांतले या बाबतीतले सर्वांत गाजलेले उदाहरण एका कामगाराचेच आहे. फिनिअस गेज हे त्याचे नाव. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावणाऱ्या टोळीचा तो पंचविशीतला मुकादम. 13 सप्टेंबर 1848 रोजी सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सहा किलो वजनाची लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून कवटीतून बाहेर पडली. तरी तो जगला. चालू-बोलू लागला. पण शांत, हिशेबी म्हणून नावाजलेला माणूस चिडखोर आणि शिवराळ झाला. हा पूर्वीचा गेज राहिला नाही, असे त्याचे मित्र म्हणू लागले. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. हार्लो यांनी हे लिहून ठेवले आहे. कंत्राटदारांनी त्याला पुन्हा मुकादमी दिली नाही. हे वाचताना आम्हांला आमचा मुकादम दिसला. पण त्या कथेचा पुढचा भाग लोक सहसा सांगत नाहीत. हाच गेज पुढे चिली देशात जाऊन कित्येक वर्षे प्रवाशांची घोडागाडी हाकीत होता. म्हणजे तो बराच सावरला होता. 1860 साली आकड्या येऊन तो वारला.

गेजसारखी पहार लागावी लागत नाही. अमेरिकेतल्या सिएटल शहरात मेंदूला इजा होऊन रुग्णालयात दाखल झालेल्या 559 माणसांवर वर्षभर लक्ष ठेवण्यात आले. 2010 साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 53 टक्के लोकांना त्या वर्षात केव्हा ना केव्हा डिप्रेशनच्या आजाराने गाठले होते, आणि अशांतल्या निम्म्याहून कमी लोकांना त्यावर उपचार मिळाला होता. हे त्या श्रीमंत देशात! आपल्याकडे बाइकवरून पडलेले, परांचीवरून पडलेले, मालाखाली सापडलेले किती जण असे "बदलले" असतील आणि किती घरांत त्यांना नुसते कामचुकार म्हटले गेले असेल, याचा विचार सुज्ञ वाचकांनीच करावा.

धाकट्याला गोळ्या सुरू झाल्या, आठवड्यातून एकदा समुपदेशन सुरू झाले. झोप लागू लागली. ताटे फेकणे कमी झाले. पण उदासी हटेना. गोळी बदलून पाहिली, तरी तेच. असे वर्ष गेले. 2023 साली डॉक्टरांनी एका नव्या उपचाराचे नाव काढले. डोक्याबाहेरून चुंबकाचे ठोके देऊन मेंदूला चालना देणे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला टी.एम.एस. म्हणतात.

आम्ही घरी येऊन सांगितले मात्र, आईने हंबरडा फोडला. "माझ्या पोराला शॉक देणार!" सिनेमात पाहिलेले आम्हां सगळ्यांच्याच डोक्यात होते. हातपाय बांधलेला माणूस, तोंडात बोळा, किंचाळ्या. दुसऱ्या दिवशी आम्ही आईलाच घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी सांगितले ते असे. शॉक ट्रीटमेंट वेगळी. ती 1938 साली इटलीत रोम शहरात सुरू झाली. तीत विजेचा प्रवाह देऊन मुद्दाम आकडी आणतात. तीही आज पूर्वीसारखी देत नाहीत. भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय ती देण्यास आपल्या देशाच्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच मनाई आहे. टी.एम.एस.मध्ये भूल नाही, आकडी आणायची नसते, माणूस जागा असतो. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने 1831 साली दाखवून दिले की चुंबकाचा जोर बदलत राहिला की जवळच्या तारेत वीज उत्पन्न होते. हे फॅरडे लोहाराचे पुत्र आणि लहानपणी पुस्तक-बांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेले. त्याच नियमावर 1985 साली इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी हे यंत्र बनविले. तारेचे वेटोळे डोक्याजवळ धरायचे, त्यातून क्षणभर जोराचा प्रवाह सोडायचा. त्याचे चुंबकत्व कवटी न फोडता आत पोचते आणि मेंदूच्या वरच्या थरात, दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंत, बारीकशी वीज जागी होते. मंदावलेल्या भागाला रोज असे ठोके दिले की तो हळूहळू आपले काम करू लागतो, अशी त्यामागची कल्पना.

आईने एकच प्रश्न विचारला, "दुखतं का?" डॉक्टर म्हणाले, "सुतार पक्ष्यानं टोचल्यासारखं वाटतं, आजी. डोकं थोडं दुखू शकतं."

पण धाकट्यासारख्या माणसाला एक धोका जास्त असतो. मेंदूला मार लागलेल्याला आधीच आकडी येण्याचा संभव असतो, आणि या यंत्रानेही क्वचित आकडी येऊ शकते. म्हणून आधी ई.ई.जी. काढला, पूर्वी कधी आकडी आली का ते विचारले, डोक्यात कुठे क्लिप, पट्टी, छर्रा असे धातूचे काही नाही ना, याची खात्री केली. गोळ्यांची यादी तपासली. नेहमी कपाळाच्या डाव्या बाजूला जलद ठोके देतात. धाकट्याला त्याऐवजी उजव्या बाजूला सेकंदाला एक असे संथ ठोके द्यायचे ठरले. त्यात आकडीची भीती कमी मानतात.

आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, एकूण तीस बैठका. सोय खाजगी ठिकाणी होती आणि खर्च आमच्या ऐपतीबाहेरचा. पतपेढीचे कर्ज काढले. भावजयीने मंगळसूत्रातले सोने मोडू का विचारले, आम्ही नको म्हणालो. एक दिवस आम्ही, एक दिवस भावजय, असे आळीपाळीने त्याच्याबरोबर जायचे ठरले. आमची साठलेली अर्जित रजा अर्ध्या अर्ध्या दिवसांनी संपत गेली.

पहिल्या दिवशी आम्ही आत उभे होतो. दंतवैद्याकडे असते तशी खुर्ची. कानांत बोळे घातले, कारण यंत्राचा टकटक आवाज मोठा असतो. प्रथम डॉक्टरांनी वेटोळे डोक्यावर इकडेतिकडे सरकवून एक एक ठोका देऊन पाहिला. एके ठिकाणी ठोका बसताच धाकट्याच्या डाव्या हाताचा अंगठा आपोआप उडाला. त्यावरून जोर किती ठेवायचा ते ठरवितात. अंगठा उडालेला पाहून धाकटा हसला. त्याला हसताना आम्ही दोन वर्षांत पाहिले नव्हते. मग टक, टक, टक, वीस मिनिटे. झाल्यावर उठून आम्ही दोघांनी खाली टपरीवर कटिंग चहा घेतला आणि लोकल पकडली.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत काहीच फरक नव्हता. कर्जाचा हप्ता मात्र सुरू झाला होता. चौथ्या आठवड्यात एका रात्री भावजयीचा निरोप आला, "दादा, आज यांनी पोराची वही तपासली." एवढेच. आम्ही कारकून माणूस, वह्या तपासण्यात जन्म गेला. पण वही तपासली या बातमीने आमचे डोळे भरून आले.

तीस बैठका झाल्या. पूर्वीचा धाकटा परत आला असे आम्ही म्हणणार नाही. राग अजून येतो. मोठा आवाज सोसत नाही. पण रडणे थांबले, सकाळी उठून तो आंघोळ करून बाहेर पडू लागला. पुढे एका दुकानात अर्धा दिवस मालाची नोंद ठेवण्याचे काम धरले. मेलो असतो तर बरे, हे वाक्य पुन्हा त्याच्या तोंडून ऐकले नाही. गोळ्या आणि समुपदेशन अजून चालू आहे.

आता खरे ते सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण आमच्या घरातले वाचून कोणी कर्ज काढू नये. हा उपचार डिप्रेशनसाठी अमेरिकेत 2008 साली मान्य झाला. पण ती मान्यता सर्वसाधारण डिप्रेशनची आहे, मेंदूला इजा झाल्यानंतरच्या उदासीसाठी वेगळी नाही. त्या उदासीवर झालेले प्रयोग लहान आहेत आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. अशा प्रयोगात काही रुग्णांना खरे ठोके देतात, काहींना यंत्र नुसते वाजवून खोटे देतात, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णाला सांगत नाहीत. 2019 साली ऑस्ट्रेलियातल्या एका लहान प्रयोगात खऱ्या आणि खोट्या ठोक्यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत 15 रुग्णांवर केलेल्या दुसऱ्या प्रयोगात, प्रत्येकाच्या मेंदूचे चित्र काढून नेमकी जागा ठरवून ठोके दिले, तेव्हा खऱ्या ठोक्यांचा गुण अधिक दिसला. पण 15 माणसांवरून जगाचा नियम ठरत नाही.

आम्ही डॉक्टरांना स्पष्टच विचारले, "याला यंत्रानं बरं वाटलं की गोळ्यांनी?" ते म्हणाले, "सांगता येणार नाही. सहा आठवडे रोज घरातलं कुणी तरी त्याच्याशेजारी बसून आलं, त्याचाही वाटा असेल." हे उत्तर आम्ही घेऊन आलो आणि अजून ते आमच्या मनातून जात नाही. लहानपणी एका सायकलवरून शाळेत गेलो, त्यानंतर आम्ही दोघे भाऊ इतके दिवस शेजारी शेजारी बसलोच नव्हतो. लोकलमध्ये फार बोलणेही होत नसे. तो खिडकीतून बघे, आम्ही पेपर वाचू. भाषण मात्र आम्ही एकदाही केले नाही.

याच कुळातले आणखीही उपचार आहेत. कपाळावर ओले स्पंज लावून त्यातून एक-दोन मिलिअँपिअर इतका अगदी मंद प्रवाह सोडण्याचा एक आहे. त्याची छोटी यंत्रे विकत मिळतात. पण मार लागलेल्या डोक्यावर घरच्या घरी असले प्रयोग करू नयेत. दुसरा, कवटीला भोक पाडून मेंदूत खोलवर तार बसविण्याचा. 2023 साली अमेरिकेत मेंदूला इजा झालेल्या पाच जणांना अशी तार बसविल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांचा एका चाचणीतला वेग सरासरी सुमारे 32 टक्क्यांनी वाढला. पण ती चाचणी लक्ष आणि विचार यांची होती, उदासीची नव्हे. आणि हे अजून प्रयोगाच्याच पातळीवर आहे.

समाजबांधवांना आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. डोक्याला मार लागलेला माणूस घरी आल्यावर त्याच्या स्वभावात फरक दिसला तर तो डॉक्टरांना सांगून केसपेपरवर लिहून घ्या. आम्ही ते केले नाही. कागदावर फक्त जखमेची नोंद राहिली आणि पुढे नुकसानभरपाईसाठी धावपळ करताना स्वभावातल्या बदलाचा काहीच पुरावा हाती नव्हता. उपचार गोळ्या आणि समुपदेशनापासून सुरू होतो. यंत्राची पाळी नंतरची, आणि तीही मानसोपचारतज्ज्ञाने सांगितली तरच. मरणाची भाषा कानावर आली तर ती थट्टा किंवा धमकी समजू नका. सरकारचा टेलि-मानस दूरध्वनी 14416 हा आहे, तिथे रात्रीबेरात्रीही बोलता येते, पैसे पडत नाहीत. आणि बाइकवर मागे बसणाऱ्यानेसुद्धा हेल्मेट घाला. मेंदूला दुसरे अवयव मिळतात तसा बदली मेंदू मिळत नाही.

पाचवी गोष्ट आम्ही स्वतःसाठी लिहून ठेवली आहे. गेल्या जयंतीच्या सभेला धाकटा आला होता. दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसला होता. वर्गणीवरून नेहमीप्रमाणे आवाज चढले. आम्ही व्यासपीठावरून पाहिले, तो उठला आणि बाहेर गेला. आमच्या पोटात गोळा आला. आम्ही माईक बंद करायला सांगितले आणि म्हणालो, सगळ्यांनी जरा हळू बोला. दहा मिनिटांनी तो परत आला आणि त्याच खुर्चीवर बसला. सभा संपेपर्यंत बसला.

दोन वर्षांपूर्वी आम्ही त्याला माईकवरून बाहेर काढले होते. त्याबद्दल माईकवरून माफी मागायची अजून राहिली आहे. ती आज या पानावरून मागतो.